जाळीबाहेरचे केस

धैर्यशीलने हात आडवा धरून तिला दारातच थांबवलं. "जुई, मागे जा. मानेपाशी बघ."

त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ, आणि वार अजून बुधवारच होता. तिच्यामागे हात धुऊन, गमबूट चढवून चारजण उभे होते. ते बाजूने आत निघून गेले. जुई बेसिनवरच्या आरशापुढे परत आली. जाळीची निळी टोपी तिने कानांखाली ओढून घेतली होती, इलॅस्टिक कपाळात रुतलं होतं, तरी मानेवर दोन आणि डाव्या कानामागे एक अशा तीन बटा बाहेर डोकावत होत्या. बटा तरी कसल्या, उसवलेल्या लोकरीसारखी नुसती भुरभुर. तिने त्या बोटाने आत कोंबल्या. उजवीकडून नव्या दोन बाहेर आल्या. तिने पहिलीवर दुसरी टोपी चढवली, कोटावरून चिकट रोलर फिरवला, पुन्हा हात धुतले आणि आत गेली, तोवर टोमॅटो रेलिशच्या पहिल्या बॅचचं तपमान घ्यायची वेळ सहा मिनिटांनी टळून गेली होती.

ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतल्या त्या कारखान्यात रेलिश, चटण्या, सॉस असं बाटलीबंद सामान तयार व्हायचं. जुई खराडे तिथे क्वालिटी टेक्निशियन होती. मुलगी इचलकरंजीची. पुण्यात फूड टेक्नॉलॉजी शिकली, मग ऑकलंडला येऊन एक वर्षाचा डिप्लोमा केला, आठ महिने एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यावर उभी राहिली आणि मग ही नोकरी मिळाली. दर अर्ध्या तासाला बॅचचं तपमान बघायचं, आंबटपणा मोजायचा, झाकणं घट्ट बसलीत का ते तपासायचं आणि काही चुकलं तर लाइन थांबवायची. लाइन थांबवायचा अधिकार आपल्याला आहे, याचं तिला मनातून फार अप्रूप होतं. रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्जही तिने याच नोकरीच्या जोरावर नोव्हेंबरात भरला होता.

धैर्यशील शिफ्ट सुपरवायझर. मूळचा कराडचा. तोही दहा-बारा वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणूनच आलेला, आता इथलाच झालेला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ती त्याला दादा म्हणायची आणि त्याची बायको सुरुची तिला घरी न्यायला डबा भरून द्यायची. कारखान्यात मात्र पहिल्याच आठवड्यात त्याने सांगून टाकलं होतं, "इथे दादा नको म्हणूस. नुसतं धैर्यशील." तिने ते मानलं होतं.

केसांचा त्रास तिला लहानपणापासूनचा. वडिलांकडून आलेले कुरळे, दाट केस. आई दर रविवारी त्यांच्यावर अर्धी वाटी तेल ओतायची आणि बारीक दातांच्या फणीने असे ओढायची की जुईच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग दोन घट्ट वेण्या. तेल असेपर्यंत केस गप्प बसायचे. पण इथे तेलकट डोक्याने बाहेर पडायची सोय नव्हती. डिप्लोमाच्या वर्गात शेजारची मुलगी दोन खुर्च्या सोडून बसायला लागली, तेव्हा तिने तेल बंद केलं आणि तेव्हापासून केसांना आवरच उरला नाही. त्यात २०१८चा तो उन्हाळा. जानेवारीपासून हवेत असा दमटपणा होता की रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी तसाच ओला मिळायचा. कारखान्यात तर वाफ सोडणाऱ्या मोठमोठ्या कढया. दहा वाजता चहाच्या सुट्टीला, ज्याला इथे सगळे स्मोको म्हणतात, टोपी काढली की डोकं दुप्पट मोठं झालेलं असायचं.

माउंट रॉस्किलच्या फ्लॅटमध्ये तिच्याबरोबर राहणारी विनिता ठाण्याची होती. तिचे केस सरळ, आंघोळीनंतर एकदा हात फिरवला की बसणारे. सल्ले मात्र तिच्याकडे भरपूर.

"अगं, कांद्याचा रस लाव. माझ्या मामीला इतका फरक पडला."

"तुझ्या मामीचे केस कुरळे आहेत?"

"नाही, गळत होते."

"माझे गळत नाहीयेत विनिता. तेच तर दुखणं आहे."

विनिताने तरी सीरमची एक बाटली आणून दिली, बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘फ्रिझ’ला, म्हणजे केस पिंजारण्याला, कायमचा रामराम असं काहीसं लिहिलेलं. जुईने ते लावलं. केस आधी चिकट झाले आणि मग चिकट राहूनच पिंजारले. मग तिने इस्त्रीचा चिमटा घेतला. सहाच्या शिफ्टसाठी साडेचारला उठून ती एकेक बट चिमट्यात धरून सरळ करायची. चाळीस मिनिटं लागायची, हात भरून यायचे, एकदा कानाची पाळी भाजली. बसमध्ये चढेपर्यंत केस सरळ असायचे. कढयांपाशी पहिला अर्धा तास गेला की मुळाशी लाट यायची, आठपर्यंत सगळं पूर्ववत.

त्या शुक्रवारी धैर्यशीलने तिला ऑफिसात बोलावून एक छापील कागद पुढे केला. स्वच्छतेच्या नियमांबद्दल लेखी समज.

"तीन वेळा तोंडी सांगून झालं. आता मला हे करावंच लागतं," तो इंग्रजीतच म्हणाला. मग दाराकडे नजर टाकून हळूच मराठीत, "केसांचं काहीतरी कर गं. कंट्रोलमध्ये आण."

"मी रोज साडेचारला उठते त्यासाठी. टोपीचं इलॅस्टिकच सैल आहे. वाकलं की मागून वर सरकतं."

"बाकी कुणाचं सरकत नाही."

"बाकीच्यांचे केस माझ्याएवढे नाहीत."

"तेच म्हणतोय मी," धैर्यशील म्हणाला आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

तिने सही केली. घरी जाताना बसमध्ये तिला आठवलं की कागदावर कर्मचाऱ्याचं म्हणणं लिहायला खाली चार ओळी होत्या. त्या तिने कोऱ्याच सोडल्या होत्या. या गोष्टीचा राग तिला पुढचे दोन दिवस पुरला.

रविवारी ती सँडरिंगहॅमला गेली. वाणसामानाच्या दुकानांमागच्या गल्लीत एक बाई घराच्या गॅरेजात पार्लर चालवत होती. केस सरळ करणारं केरॅटिन करून घेतलं की सहा महिने बघायला नको, असं मंडळातल्या कुणीतरी सांगितलेलं. बाईने जुईचे केस मुठीत धरून वजन केल्यासारखे उचलले आणि म्हणाली, "बापरे! यांना डबल लागेल."

साडेतीन तास लागले. औषधाचा वास नाकातून डोक्यात गेला. इस्त्री फिरली की धूर यायचा आणि दोघींचे डोळे चुरचुरायचे. बाईने मधे उठून गॅरेजचं शटर अर्धं वर केलं. "तीन दिवस पाणी लावायचं नाही, रबर लावायचं नाही, कानामागे घ्यायचे नाहीत," असं तिने बजावलं.

"मला उद्या टोपी घालायची आहे."

"मग सुट्टी घे."

जुईने दोन दिवस आजारपणाची रजा टाकली. बुधवारी ती कारखान्यात गेली तेव्हा केस पाठीवर सरळ, चपटे पडलेले. टोपीत मावले. धैर्यशीलने आरशापाशी तिच्याकडे बघून अंगठा वर केला. आईने व्हिडिओवर बघून म्हटलं, "किती शहाणी दिसतेस गं!" आणि जुईला बरं वाटण्याऐवजी उगाच काहीतरी बोचलं.

हे सुख साडेतीन आठवडे टिकलं. औषध उतरलं, केस पुन्हा वळायला लागले. मग आंघोळीला गेलं की मोरीच्या जाळीवर केसांचे तुकडे दिसायला लागले. मुळासकट गळलेले लांब केस नव्हेत, बोटाच्या पेराएवढे तुटलेले तुकडे. उशीवर तेच, कोटाच्या कॉलरवर तेच. तुटलेल्या जागी जे खुंट राहिले, ते कपाळाच्या कडेने आणि मानेवर ब्रशासारखे उभे. लांब केस निदान आत कोंबता तरी यायचे. हे दोन इंचांचे खुंट जाळीच्या भोकांतूनच बाहेर यायचे.

मार्चच्या मध्यावर ग्राहकाची तक्रार आली. हॅमिल्टनच्या एका बाईंना टोमॅटो रेलिशच्या बाटलीत केस सापडला होता. लांब, काळा. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवला होता.

क्वालिटी मॅनेजर हेदर ही पन्नाशीची, मोजकं बोलणारी बाई. तिने शिफ्टच्या सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि सरळ आवाजात सांगितलं की कुणावरही आरोप नाही, चौकशी होईल. हे सांगत असताना बारा माणसांपैकी निदान सातजणांनी जुईच्या डोक्याकडे बघितलं. तिने मोजलं.

दुपारी हेदरने तिला एकटीला बोलावलं. धैर्यशीलही तिथे बसला होता. "चौकशी संपेपर्यंत तू डिस्पॅचमध्ये लेबलं तपासशील. तात्पुरतं आहे."

"तो केस माझा आहे असं ठरलंय का?"

"नाही. ही फक्त खबरदारी."

"मग मी एकटीच का?"

हेदरने धैर्यशीलकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "तुझ्या फाइलमध्ये लेखी समज आहे, जुई."

जुईला रेसिडेन्सीचा अर्ज आठवला. अर्जात तिने कामाचं स्वरूप लिहिलं होतं: बॅच तपासणी, प्रक्रिया नियंत्रण. उद्या इमिग्रेशनमधून फोन आला आणि ही मुलगी काय करते असं विचारलं, तर खोक्यांवरची लेबलं वाचते, असं सांगणार? तिला हे सगळं बोलायचं होतं. पण इंग्रजीत रागाने बोलायला गेलं की तिचा आवाज आधी रडवेला व्हायचा, म्हणून ती गप्प उठली.

घरी विनिता ओट्यापाशी कांदे चिरत होती. जुईचा चेहरा बघून तिने सुरी खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं आणि मग, अगदी मायेने, म्हणाली, "कांदा चिरलेलाच आहे. रस काढू का थोडा?"

"विनिता, तू एक शब्द बोलू नकोस."

"अगं, मी चांगल्यासाठीच..."

"सगळे चांगल्यासाठीच सांगतात! आई तेल सांगते, तू कांदा सांगतेस, तो सुपरवायझर कंट्रोल सांगतो. डोकं माझं आहे. ते कसं धुवायचं, हे एकालाही माहीत नाही. मलासुद्धा नाही!"

विनिताने पुन्हा सुरी उचलली. त्या रात्री पोह्यांत कांदा जरा जास्तच पडला होता. दोघींनी समोरासमोर बसून ते खाल्ले.

डिस्पॅचमध्ये मेले नावाची, टोंगा बेटांवरून आलेली एक बाई होती. साठीला आलेली, कपाळावर चष्मा, आणि केस जुईपेक्षा दाट, जुईपेक्षा कुरळे. ते ती मागे एका गाठीत बांधायची आणि त्यातली एक बट इकडची तिकडे व्हायची नाही. जुई चार दिवस त्या गाठीकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी स्मोकोला मेलेनेच विचारलं, "काय बघतेस?"

"तुम्ही यांना काय लावता?"

"आधी तू काय करतेस ते सांग."

जुईने सांगितलं. रोज शांपू, टॉवेलने खसाखसा पुसणं, वाळल्यावर विंचरणं, मग चिमटा. मेलेने बिस्किट चहात बुडवलं आणि ते विरघळायच्या आत खाल्लं.

"वाळल्यावर विंचरतेस?"

"हो."

"मग ते चिडणारच. ओले असताना, कंडिशनर लावलेलं असताना, बोटांनी सोडव. नंतर हात लावायचा नाही. टॉवेल नाही, जुना टी-शर्ट. बस." आणि ती खोकी मोजायला उठून गेली. नंतर पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही.

त्या रात्री जुईने एक वही घेतली. इतके दिवस आपण केसांशी मारामारी करत होतो, बॅच बिघडली की करतो तसा विचार एकदाही केला नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. कोरडा पदार्थ दमट हवेत उघडा ठेवला की तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि फुगतो, हे तिने कॉलेजात परीक्षेला लिहिलं होतं. केसही तेच करत होते. रोजच्या शांपूने आणि इस्त्रीने ते इतके कोरडे झाले होते की मिळेल तिथून पाणी पीत होते. तिने विनिताने दिलेल्या सीरमची बाटली उलटी करून घटक वाचले. दुसऱ्याच नंबरवर ग्लिसरीन. बाहेरच्या हवेतली ओल ओढून आणणारं ग्लिसरीन, ऑकलंडच्या फेब्रुवारीत! ती एकटीच मोठ्याने हसली आणि मग बाटली कचऱ्यात इतक्या जोरात फेकली की विनिता खोलीतून ओरडली, "काय पडलं?"

तरी एका रात्रीत काही जमलं नाही. पहिल्या आठवड्यात शांपू दोनदाच केला, तर टाळू खाजायला लागली. कंडिशनर जास्त राहिलं तेव्हा केस ओल्या शेवयांसारखे लोंबले. मग कुठेतरी तिने वाचलं की केस बसवायला जवसाचा जेल घरीच करता येतो. जवस तर तिच्या डब्यात होते, आईने चटणीसाठी पाठवलेले. तिने ते पाण्यात उकळत ठेवले आणि आईचा फोन घेतला. फोन संपेस्तोवर पातेल्यात खळ तयार झालेली. गाळणीतून थेंब उतरेना. विनिताच्या जुन्या मोज्यातून पिळायला गेली तर अर्धी खळ ओट्यावर, अर्धी हातावर, आणि पातेलं दुसऱ्या दिवशी खरवडावं लागलं. दुसऱ्या खेपेला तिने अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होताच गॅस बंद केला आणि गरम असतानाच गाळलं. जेल सुरेख उतरला. ओल्या केसांना लावला, टी-शर्टमध्ये गुंडाळून ठेवला. सकाळी बटा सुट्या, गोल, एकमेकींना धरून बसलेल्या. ती अर्धं मिनिट आरशापुढून हललीच नाही.

दुपारपर्यंत जेलचे पांढरे पापुद्रे सुटून खांद्यावर पडायला लागले. काळ्या जॅकेटवर कोंड्यासारखे. मेलेने एकदा बघितलं आणि तिला शौचालयाकडे बोट दाखवलं. तिथे उभी राहून जॅकेट झटकताना जुईला वाटलं, कात्री मिळाली तर आत्ता, इथेच सगळे कापून टाकावेत.

वहीत तिने लिहिलं: जेल निम्मा. केस पूर्ण ओले असतानाच.

एप्रिल उजाडला. तुटलेले खुंट तसेच होते, ते वाढेपर्यंत काहीही करून बसणार नव्हते. पण उरलेले केस आवरले होते. कारखान्यात कुणी काही विचारत नव्हतं आणि कुणी तिला लाइनवर परत बोलावतही नव्हतं. एका गुरुवारी लेबलांच्या एका चुकीची नोंद करायला ती कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये गेली. तिथे तक्रारींची यादी होती. हॅमिल्टनची तक्रार यादीत होती आणि पुढे लिहिलं होतं: बंद.

तिने अहवाल उघडला. दीड पान. केस सरळ, लांबी एकतीस सेंटिमीटर, रंगवलेला, मुळाशी राखाडी. केस बाटलीत कारखान्यात पडला की ग्राहकाच्या स्वयंपाकघरात, हे ठरवता येत नाही. स्रोत अनिश्चित. तारीख अठ्ठावीस मार्च. म्हणजे पंधरा दिवस होऊन गेले होते. खाली दोन नावं, हेदरचं आणि धैर्यशीलचं.

जुईने आयुष्यात कधी केस रंगवले नव्हते. सव्वीस वर्षांच्या तिच्या डोक्यात राखाडी केस शोधूनही सापडला नसता.

शिफ्ट संपल्यावर ती पार्किंगमध्ये त्याच्या गाडीपाशी उभी राहिली. धैर्यशील डबा हातात घेऊन आला, तिला बघून थबकला.

"दादा, तक्रार पंधरा दिवसांपूर्वी बंद झाली."

"हो. म्हणजे, स्रोत कळला नाही."

"माझा नाही, एवढं तर कळलं ना? सरळ केस, रंगवलेला. ते मला कुणी सांगितलं नाही."

"अगं, हेदर सांगणार होती. मला वाटलं तिने सांगितलं."

"आणि लाइनवर परत घ्यायचं? तेही तीच सांगणार होती?"

तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला. "हे बघ, जुई. तू मराठी, मी मराठी. मी तुला जरा सैल सोडलं की लगेच म्हणतात, आपल्या माणसाला सांभाळतो. मला तेच नको होतं."

"म्हणून मला जास्त आवळलंत."

"असं नाही..."

"असंच आहे. इतर कुणाला तुम्ही आठवड्यात तीनदा दारातून परत पाठवलंत? सांगा. एक नाव सांगा."

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"दाढीवाल्यांना दाढीची वेगळी जाळी मिळते. मोठी, कानावरून जाणारी. कधी कुणी म्हणालं का त्यांना, दाढी कंट्रोलमध्ये आण? माझ्या केसांना मात्र एकच माप, आणि त्यात मावले नाहीत तर दोष केसांचा. मी केस जाळले हो, दादा. भाजून काढले. हे बघा." तिने कपाळावरचे खुंट बोटाने दाखवले आणि तिचा आवाज फाटला. मराठीतही रडू येतंच, हे तिला तेव्हा कळलं. पण ती बोलायची थांबली नाही. "माझ्या रेसिडेन्सीचं काम याच्यावर आहे, आणि तुम्हाला ते माहीत होतं. तुमच्या घरी बसून तो अर्ज मी सुरुचीवहिनींना दाखवला होता."

धैर्यशीलने डबा गाडीच्या टपावर ठेवला. "मी उद्या हेदरशी बोलतो."

"नको. मी बोलते."

आणि ती बोलली. सकाळी, स्मोकोची वाट न बघता. बरोबर तिने सुरक्षेच्या सामानाचा कॅटलॉग नेला होता, जो डिस्पॅचच्या कपाटात वर्षभर पडून होता. त्यात पान चौऱ्याण्णववर पूर्ण डोकं आणि मान झाकणारा, गळ्याशी बंद होणारा पातळ कापडी हूड होता. लेखी समजेवर न लिहिलेल्या चार ओळी तिने आता टाइप करून आणल्या होत्या आणि त्या फाइलला जोडाव्यात असं तिने सांगितलं. अहवाल बंद झाल्यावरही आपल्याला का कळवलं नाही, हेही विचारलं. इंग्रजीत, कागदाकडे बघत, एक वाक्य दोनदा अडखळत. पण विचारलं.

हेदरने कागद वाचला. मग चष्मा काढला. "हे माझ्याकडून राहून गेलं. सॉरी. सोमवारपासून तू लाइनवर." कॅटलॉगचं पान तिने जवळ ओढलं. "हा हूड... यात काहीच अडचण नाही. आजच मागवते."

चार मिनिटं लागली होती. जुई बाहेर आली आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिला फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या पहाटा आठवल्या, तो चिमटा, गॅरेजातला धूर, आणि संताप इतका दाटून आला की तिला दोन्ही हात खिशात घालून मुठी आवळाव्या लागल्या. चार मिनिटं! कुणी आधी विचारलं असतं तर. तिनेच आधी विचारलं असतं तर.

सोमवारी हूड आले नव्हते. ते गुरुवारी आले. तोवर तिने दोन टोप्या घातल्या आणि धैर्यशीलने तिला अडवलं नाही. तो तिच्याकडे नीट बघतही नव्हता. हूडमध्ये उकडायचं, गळ्याशी घाम यायचा, पण एक केस बाहेर येत नव्हता. आठवड्याभरात आणखी दोघींनी हूड मागून घेतले. त्यांतली एक अगदी सरळ केसांची होती. तिलाही म्हणे ते इलॅस्टिक पहिल्यापासून रुतत होतं.

शनिवारी सुरुचीवहिनींचा फोन आला. "जेवायला ये गं. याने मला काल सगळं सांगितलं. मी चांगलं झापलंय."

"नंतर येईन वहिनी," जुई म्हणाली. तिला वहिनींचा राग नव्हता, पण त्या टेबलावर त्याच्यासमोर बसून श्रीखंड खायची तिची तयारी नव्हती. कधी होईल, तेही तिला माहीत नव्हतं.

त्याऐवजी ती केस कापायला गेली. या वेळी कुरळे केस कापता येतात का, हे आधी फोनवर विचारून. कापणाऱ्या मुलीने केस ओले केलेच नाहीत. वाळलेलीच एकेक बट धरून, ती कुठे वळते ते बघून कापत गेली. जळलेला, तुटका, इस्त्रीने मेलेला भाग खाली पडत राहिला. उरले ते हनुवटीपर्यंत. त्यांच्यातून खुंट अजून दिसत होते.

तिथूनच तिने आईला व्हिडिओ लावला. आई बघून किंचाळली. "अगं, हे काय केलंस! कमरेएवढे होते!"

"जळले होते, आई."

"तेल लावलं असतंस तर..."

"आई."

आईने फोन डोळ्यांजवळ धरला. मग आई म्हणाली, "जरा वळ. मागून दाखव." जुई वळली. "तुझ्या बाबांचे अस्सेच होते बघ, लग्नात. मी मेली ते सगळे तेलाने चोपून बसवले." आणि तिने हाक मारली, "अहो, इकडे या, जुईला बघा."

बाबा आले, टक्कल चकाकणारे, आणि स्क्रीनच्या फार जवळ येऊन बघत राहिले.

फोन ठेवून जुई सलूनबाहेर पडली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. बस स्टॉपपर्यंत जाईतो केस फुगायला लागले, हे तिला कपाळावर जाणवलं. तिने एकदा शिवी हासडली, मोठ्याने, मराठीत, आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विनाकारण मान डोलावली. बस आली. तिने खिडकीजवळची जागा धरली आणि केसांना हात न लावता, हात मांडीवर दाबून, माउंट रॉस्किलपर्यंत बसून राहिली.